निर्विष विनोदाचे कौतुक पुरे



विनोदी साहित्याच्या संमेलनात अध्यक्षाने आरंभी ऋणनिर्देश करावा आणि नंतर श्रोत्यांना हसवावे, अशी रीत आहे. ऋणनिर्देश या वाक्यानेच झाला असे समजावे, कारण अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोणी मते दिली हे या मांडवात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी दिली नाहीत हे त्याहून अधिक ठाऊक आहे. हसवण्याची रीत मात्र पाळली जाईलच असे नाही; गतवर्षी समारोपाच्या सत्रात, निम्मा मांडव एस. टी. गाठण्याच्या घाईत असताना, चर्चेविना संमत झालेला एक ठराव संस्थेच्या वहीत अजून तसाच आहे, आणि त्याचा समाचार घेण्यासाठी लेखकाला आयुष्यात हे व्यासपीठ एकदाच मिळते. मराठी विनोदाने कोणत्याही समाजाच्या भावना न दुखावता निर्विष राहावे, असे तो ठराव सांगतो. निर्विष विनोद म्हणजे कोणालाही न बोचणारा, आबालवृद्धांनी एकत्र बसून ऐकावा असा विनोद. आणि मराठी समीक्षेने या गुणाचा गौरव इतक्या वेळा केला आहे की त्याविषयी शंका घेणारा माणूस आपोआपच कुजकट ठरतो.

या भाषणाचे प्रतिपादन असे आहे की, एखाद्या समाजाविषयीच्या साचेबंद प्रतिमा, म्हणजे त्या समाजातील माणूस भेटण्यापूर्वीच त्याच्याविषयी मनात तयार असलेले ठसे, सर्वांत सुखाने नांदतात त्या निर्विष म्हणून गौरवलेल्या विनोदातच, कारण ज्याला तो विनोद बोचतो तो माणूस मांडवात बोलावलेलाच नसतो. हा ठसा मोडायचा तर वेगळ्या जातीचा विनोद लागतो, आणि त्याची सर्वांत दीर्घ, सर्वांत कसोटीला लागलेली परंपरा ज्यू समाजाची आहे. कंजूष, कारस्थानी, पैशामागे धावणारा आणि जगाचे दोर पडद्याआडून ओढणारा असा जो ज्यू युरोपने कल्पिला, त्या कल्पनेशी ज्यू विनोदकारांनी कशी झुंज दिली, याचा विचार गतवर्षीच्या ठरावकर्त्यांनी केला असता तर आजच्या श्रोत्यांचा वेळ वाचला असता.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ज्यूंविषयीचा ठसा घडवण्यात विनोदाचाच हात मोठा आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन धारण करण्यास आणि कारागीरसंघांत शिरण्यास मज्जाव होता, व्याजाने पैसे देणे ख्रिस्ती धर्माने आपल्या अनुयायांना निषिद्ध ठरवले होते, आणि या दोन्ही बंदींच्या फटीत जो व्यवसाय उरला तो करणाऱ्या माणसाला पुढे त्या व्यवसायावरूनच हिणवले गेले. शेक्सपिअरचा ज्यू सावकार शायलॉक 1701 मध्ये जॉर्ज ग्रॅनव्हिलने बेतलेल्या रूपांतरात टॉमस डॉगेट या विनोदी नटाच्या वाट्याला गेला; 1741 मध्ये चार्ल्स मॅक्लिनने त्याला भयंकर खलपुरुष केले, आणि 1814 मध्ये एडमंड कीनने त्याला दुखावलेला माणूस म्हणून उभे केले. विदूषकापासून माणसापर्यंतचा हा प्रवास एवढा लांबला आणि तोही एकाच पात्रापुरता झाला, हे लक्षात घेतले म्हणजे रंगभूमीवरच्या हशाचे आयुष्य किती चिवट असते हे कळते. नाझी काळात 'डेर श्टुर्मर' या साप्ताहिकाने वाकड्या नाकाच्या ज्यूची व्यंगचित्रे वर्षानुवर्षे छापली, आणि त्याचा संपादक युलियस श्ट्रायखर याला न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर 1946 मध्ये फाशी देण्यात आली. ज्यांना व्यंगचित्र म्हणजे केवळ करमणूक वाटते त्यांनी त्या निकालाची आठवण ठेवावी.

याहून विलक्षण उदाहरण 'झायनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल' या नावाने रशियात 1903 मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या बनावट मजकुराचे आहे. ज्यूंच्या गुप्त मंडळाने जगावर सत्ता मिळवण्यासाठी आखलेला हा बेत आहे, असे भासवणारा हा मजकूर आजही जगभर विकला जातो. परंतु लंडनच्या 'द टाइम्स'चा बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज याने 1921 मध्येच सिद्ध केले होते की त्यातील मोठा भाग मोरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या 1864 सालच्या एका उपरोधिक पुस्तकातून चोरलेला आहे. जोलीने नरकात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांचा संवाद घडवून आणला होता, त्याचे लक्ष्य सम्राट तिसरा नेपोलियन होता, ज्यूंचा त्यात संबंध नव्हता, आणि त्या धाडसाबद्दल जोलीला तुरुंगवास भोगावा लागला. सत्ताधीशावर रोखलेला उपरोध चोरून तो एका निराधार समाजावर रोखला की त्याचे काय होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. विनोदाचे पावित्र्य त्याच्या शब्दांत नसते. तो कोणाच्या हातात आहे आणि कोणावर रोखलेला आहे, यावर ते ठरते.

सिग्मंड फ्रॉइडने 1905 मध्ये विनोद आणि अबोध मन यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने हाच भेद नेमका पकडला. परक्यांनी ज्यूंविषयी सांगितलेले किस्से बहुधा क्रूर थट्टेच्या पलीकडे जात नाहीत, तर ज्यूंनी स्वतःविषयी रचलेल्या विनोदात खरे दोष आणि त्यांच्याशी निगडित गुण या दोहोंची जाण असते, असे त्याचे निरीक्षण आहे. नाझी राजवटीतील बर्लिनचा म्हणून सांगितला जाणारा एक लोकप्रचलित किस्सा या निरीक्षणाची साक्ष देतो. एक ज्यू गृहस्थ बाकावर बसून 'डेर श्टुर्मर' मन लावून वाचत असतो. त्याचा मित्र संतापून कारण विचारतो, तेव्हा तो सांगतो की आपल्या लोकांची वर्तमानपत्रे उघडली की दंगली, बहिष्कार आणि पलायन यांच्याच बातम्या मिळतात, आणि हे पत्र उघडले की साऱ्या बँका आपल्या, सारी सरकारे आपली, सारे जग आपल्या मुठीत. एवढ्याशा किश्शात आरोपाचे खंडन कोठेही केलेले नाही. आरोप जसाच्या तसा स्वीकारून तो वास्तवाशेजारी उभा केला आहे, आणि त्यामुळे हास्यास्पद ठरतो तो ज्यू नव्हे, तर आरोपावर विश्वास ठेवणारा. कंजूषपणाचा किस्सा सांगून 'आपले ज्यू मित्रही हसले' असा दाखला देणाऱ्या विनोदकारांना हा फरक कळलेला नाही, आणि त्यांच्यापैकी काहींच्या नावे पुरस्कार ठेवण्यात आले आहेत.

खंडन आणि विनोद यांतील अंतर चार्ल्स डिकन्सच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील फेगिन हा पोरांना चोरी शिकवणारा ज्यू. एलायझा डेव्हिस या ज्यू महिलेने 1863 मध्ये डिकन्सला पत्र लिहून हा आपल्या समाजावरील अन्याय असल्याचे कळवले. डिकन्सने पुढच्या आवृत्तीत फेगिनचा 'ज्यू' म्हणून होणारा उल्लेख बराच कमी केला आणि 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये रिया नावाचा एक सद्गुणी ज्यू निर्माण केला. ही कृती सभ्य होती, परंतु रिया इतका निर्विष निघाला की वाचकांच्या मनात त्याने घर केले नाही, आणि फेगिन मात्र जिवंत राहिला. 1948 मध्ये डेव्हिड लीनच्या चित्रपटात अॅलेक गिनेसने रंगवलेला फेगिन इतका वादग्रस्त ठरला की अमेरिकेत तो चित्रपट 1951 पर्यंत अडकून पडला. त्यानंतर लायोनेल बार्ट या लंडनच्या ज्यू संगीतकाराने 1960 मध्ये 'ऑलिव्हर!' ही संगीतिका रचली, रॉन मूडी या ज्यू नटाने फेगिन केला, आणि तो बदमाश खोडकर, भित्रा, हिशेबी आणि प्रेक्षकांचा लाडका झाला. आदर्श पुतळ्याने जे साधले नाही ते आपल्यातल्याच लफंग्याला ताब्यात घेतल्याने साधले. ठरावाच्या पाठीराख्यांना रिया हवा आहे, आणि मराठी विनोदाची पाने सध्या रियांनीच भरलेली आहेत.

या संदर्भात काही स्थानिक इतिहास नोंदवणे आवश्यक आहे, कारण ज्यू म्हणजे केवळ युरोपचा प्रश्न, हा समज या संस्थेच्या कार्यकारिणीतही आढळतो. कोकणच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाज मराठी बोलतो, त्यांची आडनावे चेऊलकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आहेत, आणि तेल गाळण्याचा पिढीजात धंदा शनिवारी बंद ठेवत असल्यामुळे त्यांना 'शनवार तेली' असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या बाजात बांधली. 'आलम आरा' हा चित्रपट ज्यांच्या नाटकावर आधारलेला होता ते जोसेफ डेव्हिड पेणकर, 1954 च्या 'बूट पॉलिश'मधील जॉनचाचा साकारणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर आणि भारतीय इंग्रजी कवितेत बोलभाषेच्या गमती आणणारे निस्सीम इझिकेल हे सारे याच समाजातले. या समाजातील बहुसंख्य लोक पुढे इस्रायलला गेले, तेथेही विवाहाच्या प्रश्नावर त्यांचे ज्यूपण धर्मपीठाने 1962 च्या सुमारास संशयाखाली आणले, आणि मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये ते पूर्णपणे मान्य झाले. तिकडे गेल्यावरही या लोकांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले.

प्रस्तुत अध्यक्षांचे शालेय शिक्षण अलिबाग परिसरात झाले, आणि तेथे गणित शिकवणारे एक शिक्षक बेने इस्रायली होते. इंग्रजीच्या तासाला शायलॉक वाचून आलेल्या वर्गाने त्यांच्याकडे कुतूहलाने पाहिले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की तालुक्यात कोठे ज्यू सावकार असेल तर विद्यार्थ्यांनी त्याचा पत्ता काढून आणावा, म्हणजे वाण्याकडे तुंबलेली उधारी त्याच्याकडून कर्ज काढून एकदाची फेडता येईल. वर्ग खळखळून हसला आणि शायलॉकचा प्रश्न कायमचा मिटला. परंतु शेवटच्या बाकावर वाण्याचा मुलगा बसला होता, आणि तो हसला नव्हता. एका ठशाचा निकाल लावताना विनोद नकळत दुसऱ्या ठशावर रेलतो, ही गोष्ट कोणत्याही समीक्षाग्रंथाआधी त्या बाकाने शिकवली.

या अनुभवावर आणि ज्यू विनोदावर लिहिलेला लेख फार वर्षांपूर्वी एका प्रतिष्ठित दिवाळी अंकाकडे पाठवण्यात आला होता. विषय आपल्या वाचकांचा नाही आणि विनोद निर्विष नाही, अशा शेऱ्यासह तो परत आला, आणि त्याच अंकात मारवाडी, मद्रासी आणि पारशी यांच्या लकबींवर बेतलेली विनोदी कथा अग्रस्थानी छापली गेली. त्या परतलेल्या लिफाफ्यापासून मराठी विनोदाची उतरण सुरू झाली असे म्हटले तर अतिशयोक्तीचा आरोप होईल. तो होऊ द्यावा. ज्या समाजाला आपल्याच किनाऱ्यावरचा तेली परका वाटतो आणि दुसऱ्याच्या उच्चाराची नक्कल घरगुती वाटते, त्या समाजाच्या विनोदाचे पुढे काय होणार हे त्या एका शेऱ्यात लिहिलेले होते. भोजनोत्तर परिसंवादात विनोदाला जागा देण्याची प्रथा, पुरवणीच्या शेवटच्या पानावरचा चौकोन आणि गतवर्षीचा ठराव ही सारी त्याच शेऱ्याची संतती आहे. याच मांडवात बसलेल्या काही ज्येष्ठ स्नेह्यांनीही पारशी आणि गुजराती पात्रांवर लेखणी चालवली आहे, हे खरे; परंतु त्यांच्या पात्रांमागे माया आहे, आणि मायेचा प्रश्न येथे वेगळा काढण्यात येत आहे. ज्यांच्या पात्रांमागे केवळ मानधन होते, त्यांना आपले नाव उच्चारले जाण्याची गरज वाटणार नाही.

मराठी परंपरा मुळात निर्विष नव्हतीच, हेही नोंदवले पाहिजे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्याकरवी स्वतःच्याच समाजाच्या रूढींची हजेरी घेतली, चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या रूपाने आपल्याच मध्यमवर्गाच्या भित्रेपणाला आरसा दाखवला, आणि आचार्य अत्र्यांच्या लेखणीला निर्विष म्हणण्याचे धाडस त्यांच्या शत्रूंनीही केले नसते. या तिघांच्या सामर्थ्याचे मूळ ज्यू विनोदाच्या मुळाशी जुळते: आघात आधी स्वतःच्या अंगावर, मग सत्तेवर.

ज्यू विनोदकारांनी हा क्रम सर्वांत कठीण काळातही सोडला नाही. पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिद्दिश भाषेत, म्हणजे जर्मन बोलीत हिब्रू आणि स्लाव शब्द मिसळून घडलेल्या भाषेत, शोलेम आलेखेमने (1859–1916) दारिद्र्याने गांजलेला आणि देवाशी हुज्जत घालणारा तेव्ये दूधवाला उभा केला, आणि श्रीमंत ज्यूच्या ठशाला त्या एका माणसाने जेवढे उत्तर दिले तेवढे कोणत्याही आकडेवारीने दिले नसते. व्हिएन्नाच्या फ्रिट्झ ग्रुनबाउमने कॅबरेच्या, म्हणजे गाणी आणि नकलांच्या छोट्या रंगमंचावरून नाझींची टर उडवली, दाखाउच्या छळछावणीतही त्याने सहकैद्यांचे मनोरंजन केले, आणि 1941 च्या जानेवारीत तेथेच त्याचा मृत्यू झाला. बर्लिनमध्ये जन्मलेल्या एर्न्स्ट लुबिचने 1942 च्या 'टू बी ऑर नॉट टू बी' या चित्रपटात वॉर्सातील नटमंडळींकडून गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, फजिती करवली, आणि सदैव किरकोळ भूमिका मिळणाऱ्या ग्रीनबर्ग या नटाला अखेर शायलॉकचे भाषण खऱ्या संकटात, शत्रूच्या तोंडावर म्हणण्याची संधी दिली. चॅप्लिन स्वतः ज्यू नव्हता. तरीही नाझी प्रचाराने त्याला ज्यू ठरवले, आणि 1940 च्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये त्याने ज्यू न्हावी आणि हुकूमशहा या दोन्ही भूमिका केल्या.

मेल ब्रूक्सने पुढचे पाऊल टाकले. ब्रुकलिनमध्ये 1926 साली जन्मलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढलेल्या या विनोदकाराने 'द प्रोड्यूसर्स' या चित्रपटात असा ज्यू नाट्यनिर्माता रंगवला की त्याचा लोभ नाझींच्या व्यंगचित्रालाही लाजवील. हा निर्माता मुद्दाम पडेल असे नाटक काढण्यासाठी हिटलरचे गुणगान करणारी संगीतिका निवडतो, आणि प्रेक्षक ती प्रहसन समजून डोक्यावर घेतात. एकाच कथेत लोभी ज्यूचा ठसा अतिरेकाने हास्यास्पद होतो आणि हिटलरचा दरारा नाचगाण्यात विरघळतो. या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळाले, आणि 2001 मध्ये त्यावर आधारलेल्या संगीतिकेने 12 टोनी पारितोषिके मिळवून विक्रम केला.

या परंपरेवरील आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साशा बॅरन कोहेन या ब्रिटिश ज्यू विनोदकाराने बोराट नावाचा ज्यूद्वेष्टा परदेशी पत्रकार निर्माण केला आणि 2004 मध्ये अॅरिझोनातील एका मद्यालयात ज्यूंना विहिरीत फेकण्याचे आवाहन करणारे गाणे गायले, तेव्हा तेथील ग्राहकांनी त्याला साथ दिली. ज्यूविरोधी बदनामीला प्रतिकार करण्यासाठी 1913 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने चिंता व्यक्त केली की सर्वच प्रेक्षकांना यातील उपरोध कळेल असे नाही. ही चिंता रास्त होती. तरीही त्याच संस्थेने 2019 मध्ये त्याच विनोदकाराचा सन्मान केला, यावरून तिचा निर्णय गतवर्षीच्या ठरावाइतका घाईने घेतलेला नव्हता हे दिसते. फिलिप रॉथच्या 1969 सालच्या 'पोर्टनॉइज कम्प्लेंट' या कादंबरीवर गेर्शोम शोलेम या थोर पंडिताने ज्यूद्वेष्ट्यांना हवे ते आयते हाती दिल्याचा आरोप ठेवला. त्याहून खोल आक्षेप स्त्रियांचा आहे: ज्यू पुरुष विनोदकारांनी स्वतःवरील ठसे झटकले खरे, परंतु ते गळेपडू आई आणि उधळी, लाडावलेली मुलगी यांच्या माथी मारले. वाण्याच्या मुलाचे बाक न्यूयॉर्कमध्येही होते.

विनोद मारेकऱ्यांना थांबवू शकला नाही, हेही खरेच आहे. छळछावण्यांतील प्रत्यक्ष क्रौर्य ठाऊक असते तर नाझींच्या वेडाची थट्टा करणे शक्य झाले नसते, असे चॅप्लिनने 1964 च्या आत्मचरित्रात नमूद केले. विनोदाने राजवटी कोसळतात असा दावा करणारे लोक बहुधा विनोदाच्या परिसंवादांचे सूत्रसंचालक असतात. परंतु ठशाला लागणारे गांभीर्य विनोद काढून घेतो, आणि तेवढे काम दुसरे कोणी करत नाही. 2006 मध्ये इराणमधील एका दैनिकाने ज्यूंच्या वंशसंहाराची चेष्टा करणाऱ्या व्यंगचित्रांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा तेल अवीवच्या अमिताय सँडी या व्यंगचित्रकाराने निषेधाचे पत्रक न काढता ज्यूंविरुद्धच्या व्यंगचित्रांची स्वतःची स्पर्धा पुकारली आणि तीत फक्त ज्यूंनाच प्रवेश ठेवला. स्वतःच्या बदनामीतही आपल्याला कोणी मागे टाकू शकणार नाही, असा त्याचा दावा होता. आक्रमकाच्या हातातील मालच असा निकाली काढता येतो, हे शिकण्यासारखे आहे.

म्हणून या व्यासपीठावरून संस्थेला पुढील आवाहन करण्यात येत आहे. गतवर्षीचा ठराव याच संमेलनात, श्रोते मांडवात असताना, मतास टाकून मागे घ्यावा. पुढील संमेलनात विनोदाने ज्यांच्यावर ठसे मारले त्या समाजांतील लेखकांना सकाळच्या पहिल्या सत्रात निमंत्रण द्यावे, त्यांत कोकणातील आणि इस्रायलमधील बेने इस्रायली लेखक असावेत, आणि त्यांनी स्वतःवर आणि या मांडवावर मनसोक्त हसावे. जुन्या विनोदी मासिकांचे आणि बेने इस्रायली मराठी साहित्याचे जे अंक घरोघर वाळवीच्या तोंडी पडून आहेत, त्यांच्या जतनासाठी सत्कारांच्या शालीश्रीफळांवरील खर्च वळवावा. ज्या विनोदाने मांडवातला एकही माणूस अस्वस्थ होत नाही, तो विनोद मांडवाबाहेरच्या कोणाच्या तरी पैशावर जगत असतो, आणि ते कर्ज फेडण्याची वेळ आता या संस्थेवर आली आहे.